लाल हत्ती बघायला जाण्याआधी

आफ्रिकेतले हत्ती लाल असतात असं धाकट्या भावानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी त्याला सरळ विचारलं, प्यायलायस का. तो पीत नाही हे मला माहीत आहे. पण त्या दिवशी लसीकरण होतं, दवाखान्याच्या व्हरांड्यात बाया पोरं घेऊन बसल्या होत्या, एक पोर टोचल्याबरोबर असं रडायला लागलं की त्याचं बघून बाकीच्यांनी आधीच सूर लावला, आणि हा तिकडून सांगत होता की आईला आणि तुला हत्ती बघायला बोलावतोय, ते लाल आहेत. मी म्हटलं, संध्याकाळी बोलू. मी जव्हारला नर्स आहे. माझ्याशी दुपारी बाराच्या आधी कुणी शहाणपणाचं बोलू नये.

भाऊ बोअरवेलच्या गाडीवर काम करतो. आमचा पाडा सूर्यमाळच्या डोंगरावर, जिथे शिमगा सरला की विहीर तळाला जाते. तिथला पोरगा केनियात जाऊन लोकांना जमिनीतून पाणी काढून देतो, असं मी कुणाला सांगितलं की समोरचा आधी माझ्याकडे बघतो आणि मग हसतो. हसण्यासारखंच आहे. आधी तो नाशिककडच्या एका ठेकेदाराकडे हेल्पर होता, मग मशीन चालवायला शिकला, मग ठेकेदारानं तिकडे काम घेतलं आणि याला विमानात बसवलं. गेल्यापासून तो घरी आलेला नाही. त्याच्या करारात एक सोय आहे: घरच्या दोन माणसांना एकदाच तिकडे येण्याचं तिकीट मिळतं. करार या दिवाळीला संपतो. त्याचं लग्न झालेलं नाही, वडील जाऊन बरीच वर्षं झाली, म्हणजे उरलो आई आणि मी. आईनं जायचं तर याच वर्षी, नाहीतर राहिलंच. पुन्हा कोण तिला तिकडे नेणार आणि तोवर तिचे गुडघे कुठे पोचलेले असणार.

त्याच्या कॅम्पपासून तासाभरावर त्सावो नावाचं मोठं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथली माती लाल. हत्ती ती सोंडेनं अंगावर उडवून घेतात, म्हणून लाल दिसतात. हे त्यानं तिसऱ्या फोनला सांगितलं. पहिल्या दोन फोनांत मी नुसतं बरं, बरं म्हणत होते, आणि मनात याला एखाद्या डॉक्टरला दाखवायला हवं असा विचार करत होते.

मग बेत आखायला सुरुवात झाली, आणि माझ्या डोक्याचा भुगा झाला.

पहिला प्रश्न, जायचं कधी. भाऊ म्हणाला, तिकडे पाऊस नसतो तेव्हा या, जनावरं बघायला तेच दिवस चांगले. मी म्हटलं, म्हणजे उन्हाळ्यात. तो म्हणाला, नाही, उन्हाळा नाही, थंडी असते थोडी. मी म्हटलं, म्हणजे हिवाळ्यात. तर नाही, जुलै ते सप्टेंबर. आमच्याकडे तेव्हा आभाळ फाटलेलं असतं, रस्ता वाहून जातो, एसटी खोडाळ्याच्या पुढे येत नाही. आणि तिकडे म्हणे तेव्हा गवत वाळतं, पाणी आटतं आणि सकाळी स्वेटर लागतो. थंडीत दुष्काळ. हे मी आईला कसं समजावून सांगणार होते, जेव्हा मलाच समजलेलं नव्हतं?

आईनं मात्र ते फार मनावर घेतलं नाही. तिची अडचण वेगळीच. आषाढात आवणी, म्हणजे भाताची लावणी, तेव्हा ती हलणार नाही. भादव्यात गौरी, ती कोण आणणार. मग भात कापणीला येतं. वाघबारशीला, वाघदेवाला पुजतात तेव्हा, पाड्यावर असलंच पाहिजे, त्याच्यावर चर्चा नाही. या सगळ्याच्या मधे गौरीनंतरचे थोडे दिवस सापडले. मी ते दिवस दवाखान्याच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं खुणावले आणि रजेचा विषय काढायला साहेबांच्या तोंडाकडे बघत राहिले.

दुसरा प्रश्न, ताप. त्या देशातून परत येताना पिवळ्या तापाची लस घेतल्याचा कागद लागतो. ही लस आमच्याकडे मिळत नाही, त्यासाठी मुंबईला जावं लागतं. तेही ठीक. पण वाचत गेले तर कळलं की म्हाताऱ्या माणसांना ती जपून द्यावी लागते, क्वचित त्रास होऊ शकतो, डॉक्टरनं तपासून ठरवायचं. आईचं वय सत्तरीच्या आसपास, नक्की किती ते तिलाही माहीत नाही आणि आधार कार्डावर जे आहे ते कुणाच्या तरी अंदाजानं आहे. मी निम्म्या तालुक्याला टोचलंय. घाबरणाऱ्या आयांना, तुम्ही शिकलेल्या नाही म्हणून भीता, असं तोंडावर म्हटलंय. आता माझ्या आईला ही लस द्यावी की नाही, हे मला ठरवता येईना. आमच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, तिथे गेल्यावर ते बघतील. हेच वाक्य मी रोज दहा जणींना ऐकवते. ऐकून घेताना ते किती बिनकामाचं वाटतं ते तेव्हा कळलं.

तिसरी भानगड कपड्यांची. त्सावोत एक माशी आहे, ती चावली की फार दुखतं, आणि तिला गडद निळा आणि काळा रंग दिसला की ती धावून येते. भावानं बजावून सांगितलं, आईला मातकट रंगाचं काहीतरी घ्या. आईची बाहेर जायची दोन लुगडी. एक निळं. दुसरं जास्त निळं. आमच्या घरातले मास्तर, म्हणजे माझे यजमान, हे सगळं ऐकून म्हणाले की लाल हत्ती, पिवळा ताप आणि निळी माशी, ही सहल नसून रंगपंचमी आहे. त्यांना तिकीट नव्हतं, त्यामुळे त्यांना विनोद सुचत होते.

सगळ्यात मोठा घोळ वेळेचा. सफारीची गाडी चालवणारा भावाचा दोस्त. भाऊ म्हणाला, तो सकाळी एक वाजता न्यायला येईल. मी म्हटलं, रात्री एक वाजता कुठले हत्ती? तो म्हणाला, तसं नाही, तिकडची माणसं सूर्य उगवल्यापासून मोजतात. आपले सात म्हणजे त्यांचा एक. मी कागदावर आकडेमोड केली, त्यात आपलं आणि त्यांचं घड्याळ मागंपुढं आहे ते धरलं, आणि शेवटी कागद फाडून टाकला. संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं. पाड्यावर रेंज फक्त शाळेमागच्या खडकावर येते, तिथे बसून ती बोलत होती. ती म्हणाली, "बरोबर हाय त्यांचं. उजाडल्याबिगर कसला वाजतो?" तिला एका क्षणात कळलं आणि मी बारावी सायन्स.

तिला फक्त एका गोष्टीचं नवल वाटलं. गाडीतून खाली उतरायचं नाही. पाय मोकळे करायचे नाहीत, झाडाखाली बसायचं नाही, काही झालं तरी दार उघडायचं नाही, तिथला कायदाच आहे.  तिनं विचारलं की दिवसभर उतरायचं नसेल तर बाईमाणसानं करायचं काय. हा प्रश्न मी भावाला विचारला. तो लाजला आणि म्हणाला, असतात मधे मधे जागा. किती मधे, ते त्यालाही माहीत नव्हतं.

काय बघायचंय ते आईला विचार, असं तो सारखं म्हणायचा. सिंह की हत्ती, की जिराफ, दोस्ताला तसा रस्ता ठरवता येईल. मी विचारलं की ती म्हणायची, काय असल ते. मला राग यायचा. अख्खं जग इकडचं तिकडे करतेय मी, आणि हिला कशाचंच काही नाही. मला वाटायचं हिला खरं तर जायचंच नाही, पोराचं तोंड बघायला मिळेल म्हणून मान हलवतेय. पण मग ती मधेच विचारायची, हत्ती एकटा येतो का पोरांना घेऊन येतो. आणि माझा पुन्हा गोंधळ व्हायचा.

असं चाललेलं असताना एका रविवारी भावाचा फोन आला. तो खुशीत होता. म्हणाला, ताय, तुम्ही ठरवलेले दिवस एकदम चांगले आहेत. तेव्हा सगळीकडचं पाणी आटलेलं असतं, दोन-चार ठिकाणीच उरतं. जनावरांना तिथे यावंच लागतं. फिरायची गरज नाही. पाण्याजवळ झाडाखाली गाडी लावायची, इंजिन बंद करायचं आणि बसून राहायचं. सकाळी उजाडताना आणि उन्हं उतरल्यावर, तेव्हा सगळे मिळतात.

मी हातातली पोळी तव्यावर टाकायची विसरले. मिळतात, हा शब्द मी आधी ऐकला होता.

आमच्या पाड्यावर एक रीत आहे. ती कुणी बसवून शिकवत नाही, बघून कळते. पाण्यावर कुणी आलेलं असलं, बाई असो की जनावर, तर त्याच्याकडे टक लावून उभं राहायचं नाही. ओढ्यावर ससा किंवा भेकर पाणी पिताना दिसलं तर वाटेतच थांबायचं, मान खाली घालायची, त्याचं होऊ द्यायचं. माझे वडील सशामागे रानभर फिरायचे, पण पाण्यावरच्या सशाला त्यांनी कधी हात लावला नाही. विहिरीत बाई उतरलेली असली की बापये काठाकडे येत नाहीत, लांबूनच खाकरतात आणि वळसा घालून जातात. आमच्या विहिरीला पायऱ्या आहेत पण खालच्या ढासळल्यात. शिमग्यानंतर तळाला एका खळग्यात पाणी उरतं. एकेका बाईनं दगडांना धरून उतरायचं, वाटीनं हंडा भरायचा, वर द्यायचा. भरायला वेळ लागतो, कारण पाणी झिरपावं लागतं. तेवढा वेळ ती बाई तिथे एकटी असते, लुगडं वर खोचलेलं, अंगाला चिखल. वर रांगेत हंडे ठेवलेले. कुणी बघत नाही.

मी लहान असताना वावर-वांगणीत कुपोषणानं पोरं गेली. ते वर्ष आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. त्यानंतर इकडे गाड्या यायला लागल्या. आधी तिकडेच, मग जिथे जिथे काही बघण्यासारखं असेल तिथे. उन्हाळ्यात आमची विहीर बघण्यासारखी असायची. मोखाड्याचा एक जीपवाला पाहुण्यांना घेऊन वर यायचा. माणूस वाईट नव्हता, आजाऱ्याला फुकट खाली न्यायचा. एकदा काही पाहुणे दुपारी आले आणि विहिरीवर कुणीच नाही म्हणून खट्टू झाले, तेव्हा तो त्यांना म्हणाला, "आता कोन नाय गावायचं. सकाळी उजाडताना या, नायतर उन्हं उतरल्यावर. तवा बायका मिळतात."

पुढच्या वेळी ते उजाडताना आले. विहिरीच्या वरच्या अंगाला एक आंबा आहे, त्याच्याखाली जीप लावली, इंजिन बंद केलं आणि बसून राहिले. शिमग्याच्या सुट्टीला मी आश्रमशाळेतून घरी आले होते, आईचा हंडा रांगेत होता आणि मी तो राखत बसले होते. आई उतरली. त्यांच्यातला एक जण कॅमेरा घेऊन खाली आला, फार गोड बोलायचा, मला बिस्किटं दिली. आई वर आली. तो म्हणाला, बाई, ऊन नीट आलं नव्हतं, परत एकदा उतराल का? आईनं त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, भरलेला हंडा बाजूला ठेवला आणि दुसऱ्या बाईचा रिकामा हंडा घेऊन परत उतरली. मी बिस्कीट खात होते. चांगलं होतं.

फोटो पेपरात आला. आश्रमशाळेत गुरुजींनी दाखवला तेव्हा मी ओळखला, कारण लुगडं माझ्या ओळखीचं. वरून काढलेला होता. आईचं डोकं दिसत होतं, खांदे, हात आणि हंडा. बाकी सगळी विहीर. तो पेपर घरी न्यावा असं मला वाटत होतं, पण दुसऱ्या दिवशी त्यात कुणाची तरी भाकरी बांधलेली होती. घरी गेल्यावर आईनं विचारलं, कशी आले मी. मी सांगितलं, डोकं आलंय. तिनं विचारलं, तोंड? मी म्हटलं, नाही. पुढे कधी तो विषय निघाला नाही. गाड्या मात्र येत राहिल्या. अजून येतात, आता फोननं व्हिडिओ काढतात.

तर हे सगळं त्या रविवारी, तवा जळत असताना, माझ्या अंगावर आलं. आणि इतका वेळ जे काही कळत नव्हतं ते एकदम कळलंय असं मला वाटलं. मी माझ्या आईला आफ्रिकेत नेऊन जीपमध्ये बसवणार. झाडाखाली. इंजिन बंद. आणि समोर तहानलेली जनावरं पोरं घेऊन पाण्यावर येणार, आणि ती बघत बसणार. जिनं जन्मभर पाण्यावर आलेल्याकडे मान वर करून बघितलं नाही, ती. आणि जिच्याकडे लोकांनी असंच बघितलं, ती. मला लाज वाटली. भावाचाही राग आला, की याला आंब्याखालची ती जीप आठवत कशी नाही. पण तो तेव्हा झोळीत होता, त्याला काय आठवणार.

 तिसऱ्या दिवशी त्याला फोन केला आणि सांगितलं की आईचं मन नाही. तू इकडे ये, आपण नाशिकला जाऊ, पंचवटीला जाऊ. तिला हत्तीबित्ती काही नको. आईला मी विचारलं नव्हतं. मला वाटलं, विचारण्यासारखं त्यात काय आहे, मला माहीतच आहे.  तो म्हणाला, बरं, महिनाअखेर ऑफिसला नावं द्यायची आहेत, मग नाही म्हणून कळवतो. त्याचा आवाज लहानपणी रुसायचा तसा झाला होता. फोन ठेवल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. कॅलेंडरवरच्या पेन्सिलीच्या खुणा पुसायला घेतल्या आणि अर्ध्यावर सोडून दिल्या.

मोखाड्याच्या बाजाराच्या दिवशी दुपारी मी ड्यूटीवरून घरी आले तर आई पायरीवर बसलेली. ती न सांगता कधी येत नाही. पाड्यावरून जीपनं मोखाडा, तिथून एसटीनं जव्हार, आणि स्टँडपासून माझ्या घरापर्यंतची चढण ती त्या गुडघ्यांनी चालत आली होती. मांडीवर पिशवी. तिच्या अंगावर नवं लुगडं होतं, मी कधी न पाहिलेलं. मातीच्या रंगाचं. किनारसुद्धा मातकट. आमच्याकडे असलं लुगडं कुणी हौसेनं घेत नाही, ते मयताला जाण्यासारखंही नाही. ते तिनं बाजारात शोधून काढलं होतं. दुकानदार तिला म्हणे फुलाफुलांची दाखवत राहिला, आणि ही म्हणत राहिली की याच्याहून मळकं दाखव.

मी दार उघडलं, पंखा लावला, कोरा चहा केला. तिनं चहा बशीत ओतून सगळा प्यायला, बशी खाली ठेवली आणि मग म्हणाली, "मना नाय जायचा ह्या तुला कोनी सांगला?"

भावानं तिला फोन केला होता. विचारलं होतं, आये, नको का म्हणालीस. तिनं त्याला काही न सांगता फोन ठेवला आणि बाजाराच्या दिवसाची वाट बघितली.

मी आधी चिडले, कारण चूक माझी होती. मग समजावायला लागले. म्हटलं, आये, तुला माहीत नाही तिथे काय करायचं असतं ते. पाण्याजवळ गाडी लावतात. जनावरं पाण्यावर येतात, आणि आपण गाडीत बसून त्यांच्याकडे बघायचं. आपल्याकडे यायच्या ना गाड्या, आंब्याखाली, तसंच. तुला ते आवडणार नाही म्हणून मी नको म्हटलं. मी हे सांगत होते, आणि मला कळत नव्हतं की मी तिची समजूत घालतेय की माझी.

आई ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. ती म्हणाली की हे तिला माहीत आहे, पोरानं सांगितलं होतं, पहिल्याच फोनला. माझ्या आधी त्यानं तिला फोन केला होता. म्हणजे मी घड्याळं, ताप आणि माश्या यांच्यात गटांगळ्या खात होते तेव्हापासून हिला सगळं ठाऊक होतं. मी विचारलं, मग तरी तुला जायचंय? पाण्यावर आलेल्याकडे बघायचं नाही, हे तूच ना आम्हाला शिकवलंस?

ती म्हणाली, हो. बघायचं नसतं. आणि मग थोडा वेळ लुगड्याच्या किनारीवरून बोट फिरवत राहिली.  एरवी अशा जागी ती उठून भांडी घासायला जाते.

"वरसांवरसं लोक त्या गाडीतून बघत होते," ती म्हणाली. "मी खाली असायचे, हंडा भरायचे. मना नुसती गाडीची टोपी दिसायची. त्याहना काय दिसत होता? त्या मना एकदा बघायचाय. त्या गाडीत बसून आमी कशा दिसत होतो त्या."

 मी म्हटलं, आये, तिथे बाया नसतात. हत्ती असतात.

"हत्तीला तहान लागत नाय?" तिनं विचारलं.

मग मी रडले. ती रडली नाही, ती माझ्याकडे जरा वैतागूनच बघत होती, की एवढी शिकली आणि सरकारी नोकरीत आहे आणि साध्या गोष्टीला रडते. मग माझं होऊ दिलं तिनं. त्या वेळी तिनं मान खाली घातली होती, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

मी तिच्यासमोरच भावाला फोन लावला. दोघींची नावं दे म्हणून सांगितलं. त्यानं विचारलं, अगं पण काय झालं मधे? मी म्हटलं, तुला नंतर सांगते, मला अजून नीट कळलेलं नाही. खरंच कळलेलं नव्हतं. मी फोन स्पीकरवर टाकला तर त्यानं नेहमीचा प्रश्न विचारला, आये, काय बघायचंय तुला, सिंह का हत्ती? आई म्हणाली, पाणी जिथं थोडं असल तिथं ने. तो म्हणाला, तेच तर सांगतोय मी कधीपासून. तो हसत होता.

लशीसाठी मुंबईला कधी जायचं ते अजून ठरायचंय. डॉक्टर काय म्हणतील माहीत नाही, नाही म्हणाले तर नुसत्या दाखल्यावर सोडतात की परत आल्यावर कुठे बसवून ठेवतात, यावर मला तीन माणसांनी तीन उत्तरं दिलीत. रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर आहे. घड्याळाचं गणित मी आईवर सोडून दिलंय. तिनं ते मातकट लुगडं धुऊन, वाळवून, घडी घालून माझ्याच कपाटात ठेवलं, पाड्यावर उंदीर फार आहेत म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी तिला एसटीत बसवायला स्टँडवर गेले. खिडकीजवळ जागा मिळाली. गाडी सुटायच्या आधी तिनं मला जवळ बोलावलं आणि त्या सफारीच्या गाडीवाल्याला आत्ताच दोन गोष्टी सांगून ठेवायला सांगितल्या. एक म्हणजे गाडी पाण्यापासून लांब उभी करायची, हत्तींची वाट सोडून. मी म्हटलं, सांगते. दुसरी सांगेपर्यंत कंडक्टर दार लावत होता.

"आन कोनी त्याहना परत एकदा उतरा म्हनला," ती म्हणाली, "तर कायदा असू दे नायतर काय पन असू दे, मी गाडीतून खाली उतरन."